वाचकांचे प्रश्न: एकहाती रॉडवर स्पे कास्टिंग, लाईन किती तोळ्यांची घ्यायची?

गेल्या अंकात झाडीत उभं राहून, मागे लाईन न फेकता फ्लाय (हुकवर पिसं-दोऱ्याने बांधलेला खोटा किडा) पुढे कशी टाकायची यावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्याला स्पे कास्टिंग म्हणतात असंही लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. दोन हातांनी धरायचा १३ फुटी रॉड त्यातल्या कोणाकडेच नाही, सगळ्यांकडे एकहाती रॉड आणि प्रश्न फिरून फिरून एकच, की लाईन कुठली घेऊ. म्हणून यावेळचं सदर सगळं लाईनवरच.

प्रश्न: नमस्कार. मी दरवर्षी एप्रिलमध्ये हिमाचलला तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जातो. रॉड ९ फुटी, ५ नंबर. लाईन डब्ल्यूएफ ५ फ्लोटिंग, रॉडसोबतच आलेली. काठावर झाडं नाहीतर मागे दगडी कडा, दिवसाला सहा-सात फ्लाय फांद्यांवर जातात. एक मित्र म्हणतो स्पे कास्टिंग शिक, दुसरा म्हणतो त्याला दोन हातांचा रॉड लागतो, दुकानदार म्हणतो एक नंबर जड लाईन घ्या. आत्ता माझा रोल कास्ट (लाईन मागे हवेत न सोडता पाण्यावरूनच पुढे उलटवणं) २५ फुटांच्या पुढे जात नाही, लाईन गोळा होऊन पडते. चूक हातात आहे की लाईनमध्ये? – एक वाचक, पुणे

उत्तर: दोन हातांचा रॉड लागत नाही, हे पहिलं डोक्यातून काढा. हे नाव स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आलंय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे सॅमन धरणाऱ्या लोकांची अडचण तुमचीच होती, काठ उभा, झाडी दाट, मागे हात फिरवायला जागा नाही. मग त्यांनी काय केलं, तर लाईन मागे हवेत पूर्ण सोडायचीच नाही, तिचं टोक आपल्या शेजारी पाण्याला टेकवायचं, बाकीच्या लाईनचा मागे फुगलेला वळसा करायचा आणि तिथूनच पुढे फेकायचं. त्यांचे रॉड १८-२० फुटांचे लाकडी होते कारण नदी रुंद आणि मासा मोठा, पण ढब तीच राहते, ९ फुटी रॉडवरही ती तितकीच खरी आहे.

आता चूक कुठे. माझ्या मते निम्मी हातात, निम्मी लाईनमध्ये, आणि लाईनची आधी सांगतो कारण ती सुधारल्याशिवाय हाताची कळतच नाही.

नेहमीच्या वरून फेकायच्या कास्टमध्ये सगळी लाईन मागे हवेत सरळ होते आणि तिचं सगळं वजन रॉडला वाकवतं. स्पेमध्ये तसं नाही. लाईनचं टोक आणि लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) पाण्याला चिकटून असतो, त्याला अँकर म्हणतात, आणि मागे जो वळसा असतो, इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो म्हणून त्याला डी लूप म्हणतात, फक्त तेवढंच वजन रॉडला वाकवायला मिळतं. म्हणजे तीच लाईन, तोच रॉड, पण कामाला येणारं वजन कमी. ५ नंबरच्या रॉडला ५ नंबरची लाईन स्पेमध्ये अर्धपोटी वाटते ती यामुळे.

त्यात तुमची लाईन डब्ल्यूएफ, म्हणजे वजन पुढच्या भागात आणि मागे बारीक रनिंग लाईन. या पुढच्या भागाला हेड म्हणतात, तो साधारण ३५-४० फुटांचा असतो. तुम्ही २० फुटांवर कास्ट करता तेव्हा अर्धं हेड अजून रॉडच्या कड्यांमध्येच असतं, बाहेर असतं ते टोकाकडचं बारीक बारीक होत गेलेलं, हलकं. फ्लाय अलगद पडावी म्हणून ते मुद्दाम तसं करतात, वरून फेकायला ते छानच आहे, पण रोल कास्टमध्ये त्या बारीक टोकाला उलटून पडायला जोर पुरत नाही. आणि उलट तुम्ही जास्त लाईन काढली आणि बारीक रनिंग लाईन रॉडच्या टोकाबाहेर आली तर आणखी वाईट. आसूड आठवा. मुठीकडे जाड आणि शेवटाकडे बारीक असतो म्हणून तो कडाडतो, मुठीकडेच सुतळी बांधली आणि पुढे जाड दोर लावला तर तुम्ही कितीही हात झटका, जोर पुढे जाणारच नाही. तुमची लाईन गोळा होऊन पडते त्यातला बराचसा भाग हा आहे.

आता नंबरचं. दुकानदार 'एक नंबर जड' म्हणाला ते चूक नाही पण पुरेसं नाही, कारण नंबर काय मोजतो ते कळलं पाहिजे. फ्लाय लाईनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन, तेही ग्रेनमध्ये. ४ नंबर १२० ग्रेन, ५ नंबर १४०, ६ नंबर १६०, ७ नंबर १८५, ८ नंबर २१०. ग्रेन म्हटलं की आपल्याला परकं वाटतं पण आपला जुना तोळा बरोब्बर १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅमचा, चांदीचा जुना रुपयाही तेवढ्याच वजनाचा. तोळ्याचे मासे १२, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा (मासेमारीच्या सदरात वजनाचा मासा यावा याचा मला खरंच आनंद होतो). या हिशोबाने तुमची ५ नंबरची लाईन पाऊण तोळ्याच्या किंचित वर. आणि तुमच्याच रॉडला छोटं स्कॅजिट हेड (वेगळं जोडायचं आखूड, जड हेड, त्याचं सविस्तर खाली सिअ‍ॅटलच्या पत्रात) लावायचं झालं तर ते २०० ते २२५ ग्रेनचं लागतं, म्हणजे जवळपास सव्वा तोळा. रॉड तोच, काम बदललं की वजन पाऊण तोळ्यावरून सव्वा तोळ्यावर जातं, म्हणून खोक्यावरचा ५ किंवा ६ बघून लाईन घेऊ नका, आत ग्रेन किती आणि हेडची लांबी किती हे दोन आकडे बघा.

शंका असेल तर मोजूनच बघा, मी स्वतः प्रत्येक लाईन मोजतो. टोकाचा एकसारख्या जाडीचा फूट-अर्धा फूट सोडून पुढचे ३० फूट मोजून घ्यायचे, तेवढंच वेटोळं सोनाराच्या डिजिटल काट्यावर ठेवायचं, बाकीची लाईन बाजूला टेबलावर त्याच उंचीला. ५ नंबर असेल तर ९ ग्रॅम दाखवेल. बाजारात ५ म्हणून विकल्या जाणाऱ्या पण प्रत्यक्षात ६ च्या जवळ जाणाऱ्या लाईन भरपूर आहेत. लपवाछपवी नाही त्यात, आजकालच्या ताठ रॉडना वाकवायला त्या मुद्दामच जड करतात, पण आपल्याला माहीत हवं.

लांबीचंही तसंच. मागे फुगणाऱ्या वळशाला जागा लागते आणि ती जागा रॉडच्या उंचीवर ठरते. ९ फुटी रॉड धरून गुडघाभर पाण्यात असाल तर २५-३० फुटांचं हेड आरामात उचललं जातं, कमरेपर्यंत आत गेलात तर तोच रॉड जणू ७ फुटांचा झाला, मग ३० फूट उचलता उचलता टोक पाण्याला चिकटून राहतं. म्हणून हेड जितकं आखूड तितकं अडचणीच्या जागेत सोपं. पण आखूड आणि जड हेड पाण्यावर धपकन पडतं आणि प्रत्येक वेळी फ्लाय पार जवळ ओढून घ्यावी लागते. लांब हेड अलगद पडतं, पाण्यावर नीट सांभाळता येतं, पण जागा आणि हात दोन्ही जास्त मागतं. दोन्ही गोष्टी एका लाईनमध्ये मिळत नाहीत.

तुमच्यासाठी काय, तर तीर्थनचं पाणी म्हणजे मोठे धोंडे, त्यांच्या मागे छोटे छोटे डोह, स्वच्छ पाणी आणि ब्राउन ट्राउट, जी सावलीलाही बिचकते. बहुतेक मासा २० ते ३५ फुटांत असतो. तिथे सव्वा तोळ्याचं हेड धोंड्यामागच्या डोहात आपटायचं मला पटत नाही. तुम्ही साधी डबल टेपर लाईन घ्या, ६ नंबरची, तुमच्या ५ नंबरच्या रॉडला. डबल टेपरमध्ये मध्ये सगळीकडे जाडी सारखी आणि दोन्ही टोकांना निमुळती, बारीक रनिंग लाईन नाहीच, त्यामुळे २० फुटांवर असा की ४० फुटांवर, रॉडच्या टोकाशी कायम जाड लाईन असते आणि आसुडाची मूठ जाडच राहते. रोल कास्टसाठी यापेक्षा साधी आणि भरवशाची लाईन मला माहीत नाही. एक टोक खराब झालं की उलटी करून दुसरं वापरायचं. आणि ९० फुटांची लाईन मधोमध कापली तर ४५-४५ फुटांच्या दोन होतात, मागे बॅकिंग (रीलवरचा भरीचा साधा दोरा) बांधलं की तीर्थनसारख्या नदीला ४५ फूट पुरून उरतात, दुसरा तुकडा मित्राला द्या, खर्च निम्मा. जुने लोक असंच करायचे.

थोडी जास्त झेप हवी असेल तर 'सिंगल हँड स्पे' अशा नावाने मिळणाऱ्या एकसंध लाईन आहेत, हेड आखूड, वजन मागच्या बाजूला सरकवलेलं, रनिंग लाईन जोडूनच, गाठ-लूप काही नाही. नंबर तुमच्या रॉडचाच घ्यायचा कारण जास्तीचं वजन त्यांनी आधीच धरलेलं असतं, इथे परत एक नंबर वर गेलात तर रॉडचं पार दोरखंड होईल. ही चूक खूप जण करतात म्हणून जोर देऊन सांगतोय.

आता हाताचं. पाण्यावर पडलेली लाईन घाईने ओढू नका, रॉड हळू मागे न्या, कानाच्या थोडा वर थांबा, मागे वळसा लोंबताना दिसला पाहिजे. अँकर तुमच्यापासून साधारण रॉडभर अंतरावर बाजूला हवा आणि पाण्यात फक्त लीडर आणि थोडीशी लाईन हवी, दहा-बारा फूट लाईन पाण्यात चिकटलेली असेल तर निम्मी ताकद ती सोडवण्यातच जाते. मग पुढे, सुरुवात हळू आणि शेवटी झटकन थांबायचं, रॉडचं टोक वर असतानाच. लाईन जिकडे पाठवायची ती दिशा आणि अँकर, दोन्ही एका रेषेत नसतील तर ती स्वतःवरच गुंडाळते.

आणि परमिट तिथल्या मत्स्य खात्याकडून रोजचं घ्यायचं असतं हे तुम्हाला माहीत असेलच, हिवाळ्यात ट्राउटच्या विणीचा काळ बंद असतो, एप्रिल चालतो.

प्रश्न: मी गेली काही वर्षं अबर्डीनला आहे. डॉन नदी घरापासून जवळ, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर सी ट्राउट (समुद्रात जाऊन परत येणारी ब्राउन ट्राउट) आणि नदीतल्या ब्राउन ट्राउटसाठी जातो. रॉड साडेनऊ फुटी ७ नंबर. इथले जुने लोक म्हणतात डबल टेपर घे, तरुण मुलं म्हणतात शूटिंग हेड (रनिंग लाईनला लूपने जोडायचं सुटं हेड) घे. वारा ही माझी मोठी डोकेदुखी आहे. – एक वाचक, अबर्डीन

उत्तर: स्पे कास्ट जिथे जन्मला त्या मुलखातून पत्र आलं, बरं वाटलं. दोन्ही बाजूंचं खरं आहे पण दोघं वेगवेगळ्या पाण्याबद्दल बोलतायत.

डॉनवर उन्हाळ्यातल्या संथ लांब डोहांत ३०-४५ फुटांवर ओली (पाण्याखाली चालणारी) फ्लाय फिरवायची असेल तर डबल टेपर ७ उत्तम. प्रवाह लाईनच्या मधल्या भागाला ओढून धनुष्य करतो, ते उचलून परत वरच्या बाजूला टाकायचं म्हणजे मेंड करायचं, ते डबल टेपरइतकं कुठल्याच लाईनवर जमत नाही कारण शेवटपर्यंत तुमच्या हातात जाड लाईन आहे. पण ५५-६० फूट हवे असतील तर अख्खे पन्नास फूट लाईन साडेनऊ फुटी रॉडने मांडीभर पाण्यातून उचलायची, त्याला जागा आणि खांदा दोन्ही लागतात आणि दोन तासांत हात भरून येतो. तिथे तरुण मुलांचं बरोबर.

पण हेड म्हणजे लगेच स्कॅजिट नको. छोट्या फ्लाय आणि तरंगती लाईन असेल तर स्कँडी पद्धतीचं हेड बघा. स्वीडनच्या योरान अँडरसन यांनी दोन हातांच्या रॉडवर खालच्या हाताने जोर द्यायची जी पद्धत रुजवली तिच्यातून ही हेड आली, आखूड पण पुढे लांब निमुळती, त्यामुळे अलगद पडतात. तुमच्या रॉडला साधारण २८-३० फुटांचं, वजन २२०-२४० ग्रेनच्या आसपास, पुढे ९-१० फुटी पॉलीलीडर (कोटिंग असलेला निमुळता लीडर) आणि टिपेट (फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक दोरा). यात अँकर पाण्याला क्षणभरच शिवतो आणि लगेच पुढचा कास्ट होतो, म्हणून लीडर लांब लागतो, आखूड लीडर लावलात तर अँकर धरतच नाही आणि फ्लाय कानाजवळून सुटते. मधला मार्ग हवा असेल तर ४० फुटांपर्यंत सलग निमुळती होत जाणारी ट्रँगल टेपर लाईन, अमेरिकेतले ली वुल्फ यांची कल्पना, रोल कास्टला फार गोड आहे. आणि संध्याकाळी अंधारात लूप कड्यांत अडकायची कटकट नको म्हणून मी तुमच्या जागी तीच घेतली असती.

वाऱ्याचा नियम एकच, अँकर नेहमी अंगापासून वारा जिकडे जातोय त्या बाजूला. तुमची डॉन पूर्वेला समुद्राकडे वाहते आणि तिथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे प्रवाहासोबतच. मग अँकर प्रवाहाच्या खालच्या बाजूला हवा, त्यासाठी डबल स्पे नाहीतर स्नेक रोल (अँकर खालच्या बाजूला टाकणारे दोन कास्ट). समुद्रावरून पूर्वेचा वारा आला की उलट, अँकर वरच्या बाजूला, त्यासाठी सिंगल स्पे किंवा स्नॅप टी. उजव्या हाताच्या माणसाला उजव्या काठावरून डबल स्पे सहज जातो, तोच डाव्या काठावर आला की डाव्या हाताने तरी करा नाहीतर उजवा हात छातीवरून डाव्या खांद्याकडे आणून करा. डावा हात शिकवा, मनापासून सांगतो, एकहाती रॉड हलका असतो, महिन्याभरात जमतं.

आणि एकहाती रॉडचा जो खरा फायदा दोन हातांवाल्याला नाही तो म्हणजे हॉल. पुढचा झटका देताना डाव्या हाताने लाईन फूटभर झटकन खाली ओढायची. लाईनचा वेग वाढतो, टोक नीट उलटतं, वाऱ्यातही. बऱ्याच जणांना वाटतं हॉल फक्त वरून फेकायच्या कास्टसाठी असतो, स्पेमध्ये तर तो जास्त उपयोगी आहे कारण इथे रॉडला वजन कमी मिळतंय ना.

वसंतात अबर्डीनचीच दुसरी नदी, डी, भरून वाहत असताना सॅमनसाठी मात्र हा रॉड घेऊन जाऊ नका, तिथे १४-१५ फुटी रॉडच हवा. आणि रविवारी सॅमन-सी ट्राउट धरायला तिथे कायद्याने बंदी आहे, नवीन आलेल्या मराठी मंडळींना हे माहीत नसतं म्हणून छापतोय.

प्रश्न: सिअ‍ॅटलला राहते. माझ्याकडे ९ फुटी ६ नंबरचा रॉड आहे, त्याला २२५ ग्रेनचं स्कॅजिट हेड घेतलं. त्याच्या पुढे १० फुटी टी-८ बुडणारी टिप लावली. हिशोब केला तर ३०५ ग्रेन होतात, ६ नंबरच्या रॉडला हे जवळपास दुप्पट! रॉड मोडणार तर नाही ना? आणि रनिंग लाईन नायलॉनची घेऊ की कोटिंगवाली? – एक वाचक, सिअ‍ॅटल

उत्तर: ताई, तुमचा गुणाकार बरोबर आहे. टी-८ म्हणजे फुटाला ८ ग्रेन, १० फूट म्हणजे ८०. पण टिपचं वजन त्या हिशोबात धरायचं नसतं. स्कॅजिट हेडचे २२५ ग्रेन म्हणजे नुसतं हेड, कास्टच्या वेळी टिप पाण्यात अँकर म्हणून पडलेली असते, रॉडला वाकवतंय ते मागे लोंबणारं हेड. रॉड मोडणार नाही. फक्त हे सगळं वरून हवेत गरागरा फिरवून फेकू नका, तिथे मात्र ३०५ ग्रेन एकदम रॉडवर येतात.

ही पद्धत तुमच्याच राज्यातली. १९९० च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या स्कॅजिट आणि सॉक नद्यांवर हिवाळ्यातल्या स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन परत येणारी रेनबो ट्राउट) एड वॉर्ड, माइक किनी यांच्यासारखे लोक लांब लाईन कापून, जोडून आखूड जड हेड बनवत होते, कारण थंड पाण्यात मासा तळाशी असतो आणि बुडणारी टिप व मोठी ओली फ्लाय उचलायला लांब नाजूक लाईनच्या अंगात जोर नसतो. एकहाती रॉडसाठी तेच हेड आणखी आखूड केलं, १२ ते १५ फुटांचं. त्याला पुढे निमुळता भागच नाही, त्यामुळे टिप लावल्याशिवाय ते फेकूच नका, नुसतं हेड आणि लीडर लावलं तर अँकर धरणार नाही.

तुमच्या हेडला टी-८ ठीक आहे, १० फूट ही वरची मर्यादा समजा, सुरुवातीला साडेसात फुटीच लावा. टी-११ चार-पाच फुटांपर्यंत. टी-१४ नको, हेडपेक्षा टिप दांडगी झाली की टिपच हेडला ओढते. फ्लाय फार जड असेल तर आधी टिप आखूड करा.

कास्ट करायच्या आधी बुडलेली टिप वर आणावी लागते, हे विसरून लोक रॉडवर चिडतात. आधी एक रोल कास्ट पुढे टाकून टिप पाण्याच्या वरच्या थराला आणायची, लगेच मग डबल स्पे किंवा स्नॅप टी, मध्ये थांबलात की ती परत बुडते. आणि घाई नको, स्कॅजिटमध्ये अँकर पाण्यात थोडा रेंगाळतो, त्याच ओढीवर रॉड वाकतो, ती ओढ हातात जाणवली पाहिजे.

रनिंग लाईनचं म्हणाल तर नायलॉन लांब जातं, त्याला वजन नाही, कड्यांत घासत नाही. पण तिथल्या हिवाळ्यात बोटं बधिर झाली की ते हातात धरवत नाही, निसटतं, आणि रीलवरची वेटोळी हाताने ताणून काढावी लागतात. तुम्ही सुरुवात करताय तर बारीक कोटिंगवाली घ्या, थंडीत पकड चांगली मिळते. हेडचा मागचा लूप रॉडच्या टोकाबाहेर दोन-तीन फूट एवढाच ठेवायचा, त्या जागी रनिंग लाईनवर मार्करने खूण करून ठेवा, प्रत्येक कास्टला डोळ्यांनी शोधायला नको.

सिअ‍ॅटलच्या आजूबाजूच्या नद्यांमधलं जंगली स्टीलहेड २००७ पासून तिथल्या संघराज्य कायद्याने संरक्षित यादीत आहे, बुल ट्राउटही आहे. नदी कधी उघडी कधी बंद हे मध्येच बदलतं, निघायच्या दिवशी सकाळी राज्याच्या मत्स्य खात्याचे नियम बघून मगच गाडी काढा.

प्रश्न: दादा, मी महाडजवळ राहतो, कॉलेजला आहे. काकांनी मुंबईहून ९ फुटी ८ नंबरचा जुना रॉड आणि लाईन पाठवली. घराच्या मागच्या गवतात रोज स्पे कास्ट करून बघतो, काहीच होत नाही. वाळणकोंडला भरपूर खडस (महसीर) आहेत, तिथे सराव केला तर चालेल का? – एक वाचक, महाड

उत्तर: वाळणकोंडला नको, मित्रा. काळ नदीच्या त्या कोंडीत वरदायिनीचे म्हणून लोकांनी पिढ्यानपिढ्या ते मासे राखलेत, तिथे गळ टाकत नाहीत, आणि बाकीच्या नद्यांतून खडस हटत चालला असताना अशा राखलेल्या डोहांमुळेच तो टिकून आहे. तिथे जा, मुरमुरे टाक, वर येणारा मासा कसा वळतो ते तासभर बघत बस, पण रॉड घरी ठेव.

गवतात होत नाही यात तुझी चूक नाही, गवत लाईनला धरून ठेवत नाही, अँकरच मिळत नाही, नुसती घसरत येते. पाणीच हवं. जवळ तलाव, धरणाचं मागचं पाणी, बंधारा काहीही चालेल, गुडघाभर पाण्यात उभा रहा, सोबत कोणीतरी असू दे. फ्लायच्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांध, हुक नको, आणि डोळ्यांना चष्मा लाव. साचलेल्या पाण्यात प्रवाह नसतो त्यामुळे लाईन आपोआप सरळ होत नाही, म्हणून आधी फक्त रोल कास्ट, समोर, २५ फूट, रोज पन्नास. तो सरळ पडायला लागला की मग लाईन उचलून शेजारी टेकवायची आणि पुढे फेकायची, त्याला स्विच कास्ट म्हणतात. डबल स्पे नंतर.

नवीन लाईन आत्ता घेऊ नकोस. काकांनी पाठवलेली आहे तीच पाण्यावर बघ, जुनी असेल तर कोमट पाणी आणि साध्या साबणाने पुसून घे. रंग बदलतो तिथे बहुतेक हेड संपतं, त्याच्या मागची लाईन रॉडच्या टोकाबाहेर जाऊ देऊ नकोस. मे महिन्यात ती मऊ पडून कड्यांना चिकटायला लागली तर समज की ती थंड पाण्यासाठीची आहे, आपल्या उन्हाला ट्रॉपिकल कोटिंगवाली लागते, पण तेवढ्यासाठी सराव थांबवू नकोस, सकाळी लवकर जा. डासांचं औषध लावलेल्या हाताने लाईनला शिवू नकोस, त्यातल्या काही औषधांनी कोटिंग विरघळतं. आणि पहिले ३० फूट सोनाराकडे मोजून किती ग्रॅम भरले ते मला लिहून पाठव, साडेतेरा आले तर ती खरी ८ नंबरची आहे, त्याच्या खाली आले तर पुढची लाईन कुठली घ्यायची ते पुढच्या अंकात सांगतो.